हिरवा तलाव, निळा तलाव

ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ दि जानेरो येथे भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धांत एक घटना अशी घडली, की तिच्याकडे क्रीडाप्रेमींपेक्षा रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते. ९ ऑगस्टला, उंचावरून सूर मारण्याच्या स्पर्धा ज्या तलावात चालू होत्या, त्याचे पाणी एका दिवसात हिरवे झाले. शेजारीच वॉटर पोलोचा तलाव होता. त्याचे पाणी त्या दिवशी निळेच होते. वरून घेतलेल्या छायाचित्रांत हे दोन तलाव असे दिसत होते, की जणू कुणी वर्गात दाखवण्यासाठी दोन चंचुपात्रे शेजारी मांडून ठेवली आहेत. पुढे एक-दोन दिवसांत तोही हिरवट होऊ लागला.

प्रारंभी पाण्याची अल्कता बदलली, शैवाल वाढले असे खुलासे झाले. १३ ऑगस्टला आयोजकांनी खरे कारण सांगितले. ५ ऑगस्टला तलावांच्या देखभालीचे काम करणाऱ्याने पाण्यात १६० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले होते. पाण्यात आधीच क्लोरीन होता. क्लोरीन जंतुनाशक, पेरॉक्साइडही जंतुनाशक. दोन्ही एकत्र आले म्हणजे दुप्पट काम होईल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ही दोन्ही द्रव्ये एकमेकांनाच संपवतात. हायपोक्लोरस आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून हायड्रोक्लोरिक आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन तयार होतात, आणि जंतूंना किंवा शैवालाला मारणारे असे मागे फारसे काही उरत नाही. दोन ऑक्सिडीकारकांची गाठ पडली, की त्यांतल्या एकाला क्षपणकारकाची भूमिका घ्यावी लागते. येथे ती पेरॉक्साइडने घेतली. त्या दिवसांत आयोजकांच्या प्रवक्त्याने रसायनशास्त्र हे काही अचूक शास्त्र नव्हे, असेही म्हटले. आमच्या मते त्या आठवड्यात रसायनशास्त्र अतिशय अचूक वागले.

घरामागे पोहण्याचा तलाव असणारे आपल्याकडे थोडे, परंतु अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत ती सामान्य गोष्ट आहे आणि हिरवे पाणी ही तिथली दर उन्हाळ्याची तक्रार आहे. तिच्यावरचे उपाय ठरलेले आहेत: क्लोरीन, कधी तांबे, आणि पाणी ‘संतुलित’ ठेवण्यासाठी थोडे आम्ल किंवा सोडा. या उपायांचा इतिहास पाहू लागलो, की एक गमतीची गोष्ट लक्षात येते. यांतील जवळजवळ कोणताच उपाय पोहण्याच्या तलावासाठी शोधलेला नाही. कुणी कापड पांढरे करत होते, कुणी द्राक्षे वाचवत होते, कुणी बिअरवर संशोधन करत होते. औषधे आधी हाती आली. औषध किती चालेल हे पाणीच ठरवते, हे मात्र बऱ्याच उशिरा कळले.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये १८४६ च्या कायद्यानंतर गावोगाव सार्वजनिक स्नानगृहे आणि तलाव उभे राहिले. तिथे उपाय एकच होता: तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा, पाणी घाण झाले की सोडून द्यायचे. ताजे पाणी भरलेल्या दिवशी प्रवेशाचा दर जास्त असे आणि पाणी जुने होईल तसा तो उतरे. म्हणजे गरिबांच्या वाट्याला हिरवे, गढूळ पाणी. हा प्रश्न केवळ दिसण्याचा नव्हता. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, आणि तळाशी कुणी बुडाले असेल तर तेही दिसत नाही. विषमज्वर, अतिसार यांचे जंतू त्याच पाण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जात.

तांब्याची गोष्ट द्राक्षांपासून सुरू होते. फ्रान्समधील बोर्दो परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडत. हेतू एवढाच, की वाटसरूंनी ते विष समजून द्राक्षे चोरू नयेत. १८८२ मध्ये तेथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांनी पाहिले, की बुरशीने सारा मळा उजाड झाला तरी रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार आहेत. १८८५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाशिक-सांगलीकडे द्राक्षांवर आणि कोकणात सुपारीवर फवारले जाणारे बोर्डो मिश्रण ते हेच.

दुसरा धागा म्युनिकमधला. कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव आपण ऐकतो ते बहुधा मेंडेलच्या संदर्भात. मेंडेलने ज्यांना पत्रे लिहिली आणि ज्यांना त्या पत्रांचे महत्त्व कळले नाही, ते हेच. परंतु त्यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा एक निबंध वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाठ्यपुस्तकातून आपल्या ओळखीचे असलेले स्पायरोगायरा हे शैवाल ते पाण्यात ठेवत. ज्या पाण्यात तांब्याची नाणी काही काळ पडून होती, त्या पाण्यात ते मरत असे, आणि त्यात विरघळलेले तांबे इतके अल्प असे की नेहमीच्या रासायनिक परीक्षेत ते सापडणेही कठीण. तांब्याचे आयन शैवालाच्या पेशीतील विकरांना चिकटतात आणि त्यांचे काम थांबवतात, हे आज आपल्याला माहीत आहे. नेगेलींच्या काळी ते गूढच होते.

हे दोन्ही धागे अमेरिकेत एकत्र आले, तेही एका पालेभाजीच्या निमित्ताने. वॉटरक्रेस ही पाण्यात वाढणारी भाजी. व्हर्जिनियातील तिच्या वाफ्यांत स्पायरोगायरा माजले आणि शेतकऱ्यांनी कृषी खात्याकडे धाव घेतली. खात्यातील जॉर्ज मूर यांनी मोरचुदाचा अगदी पातळ डोस देऊन पाहिला. शैवाल मेले, भाजी वाचली. मग मूर आणि त्यांचे सहकारी कार्ल केलरमन यांनी हीच रीत शहरांना पाणी पुरवणाऱ्या जलाशयांवर वापरली. १९०४ मध्ये त्यांची पुस्तिका निघाली. मोरचुदाच्या पिशव्या नावेला बांधायच्या आणि जलाशयात नाव फिरवायची, एवढी साधी ती कृती होती. दशलक्ष भाग पाण्यात मोरचुदाचा एक भाग, कित्येकदा त्याहूनही कमी पुरे होई.

मूर आणि केलरमन यांना आशा होती, की विषमज्वराचे जंतूही तांब्याने मरतील आणि एका औषधात दोन्ही कामे होतील. ती आशा टिकली नाही. जंतूंसाठी तांबे फार सावकाश काम करते. पण त्यांच्या अनुभवातून दुसरी एक गोष्ट पुढे आली आणि आम्हांला ती अधिक मोलाची वाटते. तोच डोस एका तळ्यात शैवाल मारी, दुसऱ्यात निष्फळ ठरे आणि तिसऱ्यात मासेसुद्धा मारून टाकी. फरक पाण्यात होता. कठीण, अल्कधर्मी पाण्यात तांबे कार्बोनेटच्या रूपाने साक्याबरोबर खाली बसते. मृदू पाण्यात ते विरघळलेले राहते आणि माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोचते. डोस ठरवण्याआधी पाण्याची परीक्षा करावी लागते, हा धडा तिथे प्रथम मिळाला. पोहण्याच्या तलावांत तांबे आजही वापरतात, पण ते पाण्यातून सहज निघून जात नाही, साचत जाते आणि भिंतींवर डाग पाडते. पोहणाऱ्यांचे सोनेरी केस हिरवट होतात, त्याचा दोष लोक क्लोरीनला देतात. तो रंग तांब्याचा असतो. हिरवे पाणी पेल्यात घेऊन उजेडात धरावे. ते गढूळ असेल तर शैवालाचा संशय घ्यावा. नितळ असून त्यात नुसती हिरवी-निळी झाक असेल तर तांब्याचा.

क्लोरीनचा इतिहास बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा असल्याने तो येथे थोडक्यात सांगतो. १७७४ मध्ये शेले यांनी हा वायू तयार केला आणि १८१० मध्ये डेव्ही यांनी तो मूलद्रव्य असल्याचे दाखवले. दरम्यान बर्थोले यांनी त्याने कापड पांढरे होते हे शोधले, आणि ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये तो चुन्यात शोषून विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले. तोवर कापड पांढरे करायला ते महिनोन्‌महिने माळावर उन्हात पसरावे लागे. आपल्या ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर म्हणजे याच चूर्णाची वंशज. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना या चूर्णाच्या द्रावणात हात धुवायला लावले, तेव्हा एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले मातांचे मृत्यूचे प्रमाण त्याच उन्हाळ्यात दोन टक्क्यांच्या आसपास आले.

तरीही पिण्याच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घालणे हे विष घालण्यासारखेच लोकांना वाटे. १८९७ मध्ये इंग्लंडमधील मेडस्टोन येथे आणि १९०५ मध्ये लिंकन येथे विषमज्वराच्या साथीत ते धाडस झाले, परंतु संकटकाळचा उपाय म्हणून. नेहमीचा उपाय म्हणून ते करून दाखवले अमेरिकेतील डॉ. जॉन लील यांनी. जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या कंपनीवर पाणी शुद्ध नसल्याचा खटला चालू होता. लील कंपनीचे सल्लागार. कुणाची परवानगी न घेता त्यांनी २६ सप्टेंबर १९०८ पासून दोन लाखांहून अधिक वस्तीच्या या शहराच्या पाण्यात क्लोरीनयुक्त चुना मिसळायला सुरुवात केली आणि मग न्यायालयात उभे राहून तसे सांगितले. आज कुणी असे केले तर त्याची खैर नाही, आणि ते योग्यच आहे. १९१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्यानंतर शहरामागून शहरांनी हा मार्ग धरला. त्याच सुमारास प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठात बंकर यांनी विद्यार्थ्यांच्या पोहण्याच्या तलावात विरंजक चूर्ण वापरून जंतूंची संख्या मोजली. पाणी सोडून न देता तेच गाळून, क्लोरीन देऊन पुन्हा वापरायची पद्धत तेव्हापासून रूढ होत गेली.

आता औषध हातात होते. पण तोच डोस सोमवारी चालतो आणि शनिवारी चालत नाही, असे का? याचे उत्तर द्यायला एक मापनपद्धती हवी होती, आणि ती आली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेतून. तेथे विकरांवर काम करताना सोरेन्सन यांना द्रावणाच्या आम्लतेचे नेमके माप हवे होते. १९०९ मध्ये त्यांनी सामू ही कल्पना मांडली. सामू एकाने वाढला म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती दहापट घटली, हे आपण वर्गात शिकवतो. पण त्याचा खरा जोर कळायला क्लोरीनसारखे उदाहरण नाही.

क्लोरीन पाण्यात पडला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. हे सौम्य आम्ल असल्याने त्यातील काही रेणू हायड्रोजन आयन सोडून हायपोक्लोराइट आयन बनतात. आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो. ऋणभारित हायपोक्लोराइट बाहेरच अडतो आणि कित्येक पट दुबळा ठरतो. आता आकडे पाहा. सामू ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन आम्लरूपात असतो. ७.५ ला निम्मा, ८ ला पाव, आणि ८.५ ला जेमतेम एक दशांश. चाचणीत क्लोरीन तेवढाच दिसतो. तलावाचा मालक म्हणतो, मी तर पुरेसे औषध घातले! घातलेले असते, पण त्यातले नऊ भाग झोपलेले असतात.

येथे शैवालाची हुशारी पाहण्यासारखी आहे, अर्थात हुशारी हा आपला शब्द. शैवाल प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड उचलते. तो गेला की कार्बनिक आम्ल कमी होते आणि सामू चढतो. शैवालाने भरलेल्या तळ्यात उन्हाळी दुपारी तो ९ च्याही वर जातो. म्हणजे शैवाल थोडे वाढले की क्लोरीन दुबळा होतो, क्लोरीन दुबळा झाला की शैवाल आणखी वाढते. तलाव एका रात्रीत हिरवा झाल्यासारखा वाटतो तो या चक्रामुळे. हे वर्गात दाखवता येते. काचेच्या बरणीत तळ्यातले शैवाल आणि पाणी घेऊन ती उन्हात ठेवावी, आणि वैश्विक दर्शकाने सकाळी, दुपारी व दुसऱ्या दिवशी पहाटे सामू तपासावा. दुसरी बरणी काळ्या कागदात गुंडाळून शेजारी ठेवली तर तुलनाही होते. मात्र ब्लीचिंग पावडर घेऊन हा खेळ पुढे नेऊ नये. तिच्यावर आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो वायू पहिल्या महायुद्धात कशासाठी वापरला गेला हे विद्यार्थ्यांना माहीत असते.

हा चढउतार रोखते ती पाण्यातील बायकार्बोनेटची अल्कता. ती पुरेशी असली की सामू लवकर हलत नाही. फार झाली तर मात्र तो हट्टाने वरच सरकत राहतो. म्हणून ती लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवतात. अल्कता वाढवायला खाण्याचा सोडा, सामू चढवायला धुण्याचा सोडा, आणि उतरवायला पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल. खाण्याच्या सोड्याने अल्कता वाढते पण सामू फारसा चढत नाही, हे कोडे अकरावीच्या मुलांना घालून पाहावे. कॅल्शियमचा हिशेबही यातच येतो. बर्कलीच्या लँगेलियर यांनी १९३६ मध्ये सामू, अल्कता, कॅल्शियम आणि तापमान यांवरून पाणी नळात चुन्याचा थर बसवील की नळ खाईल हे सांगणारा निर्देशांक काढला. नळांसाठी काढलेले तेच सूत्र तलावांच्या सिमेंटला आणि फरश्यांना लागू पडले.

आणखी एक चुकीची समजूत १९३९ नंतर मोडायला हवी होती, पण ती अजून शाबूत आहे. तलावाला उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात, तेव्हा लोक म्हणतात की क्लोरीन जास्त झाला. बहुधा उलट असते. घाम आणि लघवी यांतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने बनतात, वास त्यांचा. ग्रिफिन यांनी १९३९ मध्ये दाखवले, की अमोनिया असलेल्या पाण्यात क्लोरीन वाढवत नेला तर शिल्लक क्लोरीन आधी वाढतो, मग चक्क घटतो आणि एका बिंदूनंतर पुन्हा वाढतो. त्या बिंदूला क्लोरामाइने मोडलेली असतात. व्यवहारात त्यासाठी अमोनियातील नायट्रोजनच्या वजनाच्या दहापट क्लोरीन लागतो. म्हणजे वासावर उपाय अधिक क्लोरीन! आपल्या गावांत आरोग्य कर्मचारी ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग पाहतात. ती ‘ओटी’ चाचणी मुक्त आणि बांधला गेलेला असा दोन्ही प्रकारचा क्लोरीन दाखवते, हे ती करणाऱ्याला ठाऊक असावे. १९५७ मध्ये पेलिन यांनी दिलेल्या डीपीडी चाचणीत हे दोन वेगळे मोजता येतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरगुती तलाव वाढले आणि ही सगळी रसायनविद्या अभियंत्याच्या हातून सामान्य माणसाच्या हाती आली. हिरव्या पाण्यासाठी त्याने करायचे ते एवढेच: आधी सामू तपासून खाली आणायचा, भिंती ब्रशने घासून चिकटलेले शैवाल मोकळे करायचे, सूर्य मावळल्यावर भरपूर क्लोरीन द्यायचा, तो उतरू न देता टिकवायचा, आणि फिल्टर अहोरात्र चालू ठेवायचा. मेलेले शैवाल पाणी पांढुरके करते. ते गाळण्यातूनच जाते. सूर्यास्त यासाठी, की उन्हातील अतिनील किरण मुक्त क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी करतात.

या उन्हावर १९५० च्या दशकात तोड निघाली: सायन्युरिक आम्ल. ते क्लोरीनला सैलसर धरून ठेवते आणि उन्हापासून वाचवते. क्लोरीन आणि हे आम्ल एकत्र असलेल्या वड्या बाजारात आल्या. वडी तरंगत सोडली की झाले. परंतु जो क्लोरीन उन्हापासून लपतो तो शैवालापासूनही काही अंशी लपतो. शिवाय क्लोरीन खर्च होतो आणि आम्ल मागे राहते. वडीतून पाण्यात जाणाऱ्या क्लोरीनच्या दर दहा मिलिग्रॅममागे सुमारे सहा मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल साठत जाते. ते उडून जात नाही, गाळले जात नाही, उन्हाने मोडत नाही. दोन-तीन उन्हाळे गेले की क्लोरीन भरपूर, सामू योग्य, आणि तरी तलाव हिरवा, अशी स्थिती येते. घरमालकाला तेव्हा करण्यासारखे एकच असते. आम्ल लिटरला १०० मिलिग्रॅमवर गेले असेल आणि ते ५० वर आणायचे असेल, तर अर्धा तलाव उपसून तेवढे ताजे पाणी भरावे लागते.